न बिघडताच बंद पडणारे पॉवर सप्लाय

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुणे परिसरातील औद्योगिक वसाहतींत वीज वारंवार जात असल्याच्या तक्रारी वृत्तपत्रांतून वेळोवेळी प्रसिद्ध होत असतात आणि त्यांतल्या बहुतेक रास्तही असतात. या तक्रारींच्या गलक्यात एक वेगळा प्रश्न मात्र मागे राहून जातो, म्हणून हे पत्र. भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगाव येथील अनेक कारखान्यांत वीज प्रत्यक्षात गेलेली नसते, दिवे फक्त एकदा लुकलुकतात, आणि तेवढ्यात सीएनसी (संगणक-नियंत्रित) मशीन थांबते, त्याला हुकूम देणारा पीएलसी हा छोटा औद्योगिक संगणक बंद पडतो, अर्धवट झालेला जॉब बाद होतो. वीज कंपनीकडे तक्रार करावी तर त्यांच्या नोंदीत वाहिनी चालूच असते. मशीन बनवणाऱ्याकडे जावे तर तो विजेकडे बोट दाखवतो. माझ्या मते या घटनांतील बऱ्याच मोठ्या भागाचे मूळ मशीनच्या पॅनेलमधील इलेक्ट्रॉनिक पॉवर सप्लायच्या, म्हणजे २३० व्होल्टच्या विजेपासून नियंत्रणासाठी लागणारे २४ व्होल्ट डीसी बनवणाऱ्या उपकरणाच्या, नियंत्रण सर्किटमध्ये असते आणि ते दूर करणे आपल्या हातात असते.

माझा व्यवसाय औद्योगिक पॉवर सप्लायच्या दुरुस्तीचा आहे. दुरुस्तीसाठी येणाऱ्या मालात जळालेले, फुटलेले, तुटलेले असे काहीच न सापडणाऱ्या सप्लायचा वाटा लक्षणीय असतो. टेबलावर लावले की ते निमूटपणे २४ व्होल्ट देऊ लागतात, आणि गिऱ्हाइकाला संशय येतो की दुरुस्ती करणाऱ्याला काही कळत नाही किंवा तो काही लपवतो आहे. वस्तुस्थिती अशी असते की सप्लाय बिघडलेला नसून त्याच्या संरक्षण सर्किटने त्याला बंद केलेले असते. बहुतेक आधुनिक एसएमपीएसमध्ये, म्हणजे ट्रान्झिस्टर अतिवेगाने चालू-बंद करून काम करणाऱ्या अशा सप्लायमध्ये, कमी व्होल्टेज, जादा करंट, जादा व्होल्टेज आणि जादा तापमान यांवर नजर ठेवणारी सर्किटे असतात, आणि धोका दिसताच सप्लाय बंद करणे एवढेच त्यांचे काम असते. धोका खरा की भासमान, हे ओळखण्याची ताकद त्यांना किती द्यायची, हे डिझाइन करणारा ठरवतो. इथे एक व्यावहारिक गोम आहे. सप्लाय जळून गॅरंटीत परत आला तर खर्च उत्पादकाला बसतो. सप्लाय विनाकारण बंद पडला तर खर्च कारखान्याला बसतो आणि दोष महावितरणच्या माथी जातो. अशा स्थितीत उत्पादकाने संरक्षण सर्किट गरजेपेक्षा हळवे ठेवले, तर त्यात नवल नाही.

प्रथम कमी व्होल्टेजचा विचार करू, कारण आपल्याकडे सर्वाधिक शटडाउन त्यापायी होतात. एखाद्या २२ केव्ही वाहिनीवर झाडाची फांदी पडली किंवा केबलमध्ये दोष निर्माण झाला, की त्या वाहिनीचा ब्रेकर उघडेपर्यंत त्याच उपकेंद्रातून निघणाऱ्या बाकीच्या सर्व वाहिन्यांचे व्होल्टेजही खाली ओढले जाते. रिले आणि ब्रेकर यांना मिळून साधारण शंभर मिलिसेकंद किंवा त्याहून अधिक काळ लागतो. ज्या वाहिनीवर दोष आहे तिची वीज जाते आणि त्याची नोंद होते. शेजारच्या वाहिनीवर मात्र नुसता व्होल्टेजचा डिप, म्हणजे क्षणभराची घसरण, येतो, ज्याला कोणी वीज गेली असे म्हणत नाही. पावसाळ्याच्या तोंडावर वळवाच्या सरी सुरू झाल्या की पुण्यात हे रोजचेच होते.

असा डिप सप्लायने सहन करायचा तो मुख्य कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, साठलेल्या ऊर्जेवर. २३० व्होल्टचा पुरवठा एसीचे डीसी करणाऱ्या डायोड ब्रिजमधून गेल्यावर हा कपॅसिटर सुमारे ३२५ व्होल्टपर्यंत भरतो आणि दर १० मिलिसेकंदांनी त्यात पुन्हा भर पडते. समजा कपॅसिटर २२० मायक्रोफॅरडचा आहे, भार १०० वॉटचा आहे, कार्यक्षमता ८५ टक्के आहे, आणि कपॅसिटरवरील व्होल्टेज २०० च्या खाली गेले की नियंत्रण सर्किट सप्लाय बंद करते. पुरवठा तुटला त्या क्षणी कपॅसिटरवर ३१० व्होल्ट असतील, तर सप्लाय सुमारे ५२ मिलिसेकंद तग धरेल. तोच सप्लाय लांबच्या केबलमुळे किंवा जादा भारामुळे १८० व्होल्टवर चालू असेल, तर कपॅसिटरवर जेमतेम २४० व्होल्ट असतात आणि तग धरण्याचा काळ १६ मिलिसेकंदांवर येतो. पन्नास हर्ट्झचे एक आवर्तनही त्यात पूर्ण होत नाही. व्होल्टेज एक चतुर्थांशानेही घटलेले नसताना वेळ एक तृतीयांशाहून कमी उरते, कारण कपॅसिटरमधील ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते आणि त्यातलीही फक्त २०० च्या वरची ऊर्जा वापरता येते. शिवाय डिपमध्ये पुरवठा निम्म्यावर आला, तर त्याचे शिखर सुमारे १६२ व्होल्ट असते. ते २०० पेक्षा कमी असल्यामुळे कपॅसिटर भरणे पूर्णपणे थांबते, आणि आपल्याला दिवे मंद दिसत असले तरी सप्लायच्या लेखी वीज गेलेलीच असते.

आता याच हिशेबात फक्त बंद होण्याची पातळी २०० ऐवजी १२० व्होल्ट करून पाहावी. कपॅसिटर तोच, भार तोच. तीनशे दहापासून सुरुवात असेल तर तग धरण्याचा काळ सुमारे ७६ मिलिसेकंद होतो, दोनशे चाळीसपासून असेल तर सुमारे ४०, आणि २३० चा पुरवठा निम्म्यावर आला तरी १६२ व्होल्टचे शिखर पातळीच्या वर राहत असल्यामुळे सप्लाय डिप संपेपर्यंत चालूच राहू शकतो. अर्थात कमी व्होल्टेजवर तेवढीच शक्ती द्यायची तर करंट वाढतो, त्यामुळे ट्रान्झिस्टर, ट्रान्सफॉर्मर आणि करंटची मर्यादा त्याला पुरणाऱ्या हव्यात. परंतु हा जादा करंट काही दशांश सेकंदच वाहणार असतो. तेवढ्यात तापमान फारसे चढत नाही. ८५ ते २६४ व्होल्टच्या रुंद पट्ट्यात चालणाऱ्या सप्लायमध्ये ही क्षमता मुळातच असते, तरी त्यांतील काहींची कमी व्होल्टेजची पातळी विनाकारण वर ठेवलेली आढळते. ती खाली आणायला एक-दोन रोधक (रेझिस्टर) बदलावे लागतात. मात्र हे काम उत्पादकाने करायचे आहे, कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनने सोल्डरिंग गन घेऊन नव्हे.

दुसरे कारण अधिक छुपे आहे. यूसी ३८४२ ही पीडब्ल्यूएम नियंत्रक चिप (ट्रान्झिस्टर किती वेळ चालू ठेवायचा हे ठरवणारी) आणि तिचे भाईबंद असंख्य सप्लायमध्ये गेली अनेक वर्षे वापरले जात आहेत. ही चिप आपल्या स्वतःच्या पुरवठ्याला १६ व्होल्ट मिळाले की सुरू होते आणि तो सुमारे १० व्होल्टच्या खाली गेला की बंद होते. मधले सहा व्होल्टचे अंतर मुद्दाम ठेवलेले असते, कारण सुरू होण्याची व बंद होण्याची पातळी एकच असती तर सर्किट सारखे चालू-बंद होत राहिले असते. चिपचा हा पुरवठा ट्रान्सफॉर्मरच्या एका छोट्या सहायक वाइंडिंगमधून येतो आणि एका लहान इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरवर साठवला जातो. तो कपॅसिटर वाळू लागला, की भारात थोडा बदल होताच चिपचा पुरवठा दहाच्या खाली डोकावतो आणि सगळा सप्लाय बंद पडतो किंवा टिक-टिक असा आवाज करत सुरू होण्याची धडपड करत राहतो. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य तापमान दर १० अंशांनी वाढले की साधारण निम्मे होते, असा ठोकताळा आहे. १०५ अंशांला २,००० तासांची हमी असलेला कपॅसिटर ७५ अंशांवर सुमारे १६,००० तास, म्हणजे तीनही पाळ्या चालणाऱ्या कारखान्यात दोन वर्षांपेक्षा कमी टिकेल. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडमधले, पंख्याची जाळी धुळीने बुजलेले पॅनेल आठवले, तर ७५ अंश हे काही अतिशयोक्त वाटणार नाहीत. तपकीर गल्लीत काही रुपयांना मिळणाऱ्या या भागामुळे लाखो रुपयांचे मशीन उभे राहते. तरीही ठरलेल्या मुदतीने तो बदलण्याची पद्धत फार थोड्या ठिकाणी आहे. जागा बदलली तरी आयुष्य वाढते. हा कपॅसिटर उष्णता उधळणाऱ्या हीटसिंकला खेटून बसवलेला जेव्हा मी पाहतो, तेव्हा तो आराखडा करणाऱ्याने चाचणी फक्त वातानुकूलित प्रयोगशाळेत केली असावी, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

जादा करंटच्या संरक्षणातही खोटे इशारे पुष्कळ असतात. याच चिपमध्ये करंट मोजणाऱ्या पिनवर १ व्होल्ट आला की त्या आवर्तनापुरता ट्रान्झिस्टर बंद होतो. परंतु ट्रान्झिस्टर सुरू होण्याच्या क्षणी ट्रान्सफॉर्मरच्या वाइंडिंगमधील धारिता आणि डायोड उलटताना वाहणारा करंट यांमुळे एक अणकुचीदार स्पाइक उमटतो. भाराशी त्याचा काही संबंध नसतो. तो गाळण्यासाठी एक लहान रोधक व कपॅसिटर लावतात, किंवा नव्या चिपमध्ये सुरुवातीचे दोन-तीनशे नॅनोसेकंद मोजमापच दुर्लक्षिले जाते. हे दुर्लक्ष नेमके हवे. ते कमी पडले तर सप्लाय हलक्या भारातही गोंधळतो, आणि धास्तीने मोठा कपॅसिटर बसवला तर खरा शॉर्टसर्किटही उशिरा दिसतो. मोजमापाच्या तारा मुख्य करंटच्या वाटेवरून फिरवल्या, नियंत्रण सर्किटचे ग्राउंड आणि पॉवरचे ग्राउंड भलत्या जागी जोडले, किंवा बाहेरून सप्लाय चालू-बंद करण्याची तार वेल्डिंग मशीनच्या वा ड्राइव्हच्या केबलबरोबर एकाच ट्रेमधून नेली, तर उत्तम चिपसुद्धा फसते. जादा व्होल्टेजचे संरक्षण सहायक वाइंडिंगवरून घेतले असेल तर आणखी एक सापळा आहे. भार वाढला की ट्रान्सफॉर्मरच्या गळती इंडक्टन्सचा (वाइंडिंगांच्या अपुऱ्या चुंबकीय जोडणीमुळे उमटणारा) स्पाइकही वाढतो, सहायक कपॅसिटर त्या शिखरापर्यंत भरतो, आणि बाहेर व्यवस्थित २४ व्होल्ट असताना सर्किटला ते जादा व्होल्टेज वाटते. डायोडबरोबर एक छोटा रोधक जोडल्याने हा दोष बहुधा जातो.

यावर कोणी म्हणेल की मग सगळीच संरक्षणे सावकाश करून टाकावीत. तसे करणे म्हणजे रोगापेक्षा औषध भयंकर. आयजीबीटीसारखा ट्रान्झिस्टर थेट शॉर्टसर्किट साधारण १० मायक्रोसेकंदच सोसू शकतो; तिथे विलंबाला जागाच नाही. तापमान मात्र सेकंदांच्या आणि मिनिटांच्या गतीने चढते, म्हणून त्याचा इशारा अर्धा सेकंद तपासून घेतला तरी काही बिघडत नाही. कमी व्होल्टेज त्या दोन्हींच्या मध्ये बसते. कोणता धोका किती वेळात खरे नुकसान करतो हे पाहून त्याच्या संरक्षणाला तेवढीच सवड द्यावी, सुरू आणि बंद होण्याच्या पातळ्यांत पुरेसे अंतर ठेवावे, आणि एकाच झटक्यावर निर्णय न घेता तो टिकतो का ते पाहावे, हे या विषयातले जुनेच शहाणपण आहे. खर्च वाचवण्याच्या घाईत ते वगळले जाते.

हे वगळल्याची किंमत मोठ्या यंत्रणांनाही चुकवावी लागली आहे. कॅलिफोर्नियात १६ ऑगस्ट २०१६ रोजी वणव्यामुळे उच्चदाब वाहिन्यांवर दोष निर्माण झाला आणि सुमारे १,२०० मेगावॉट सौर वीज एकाएकी बंद पडली. चौकशीत दिसले, की दोषाच्या क्षणी व्होल्टेजच्या लहरीला बसलेल्या झटक्यावरून सौर वीज जाळ्यात सोडणाऱ्या अनेक इन्व्हर्टरांच्या नियंत्रण सर्किटांनी वारंवारता ५७ हर्ट्झच्या खाली गेल्याचा निष्कर्ष काढला आणि तत्क्षणी यंत्र बंद केले. प्रत्यक्षात ६० हर्ट्झच्या त्या वीजजाळ्याची वारंवारता ५९.९ च्या आसपासच होती. उपाय म्हणून इन्व्हर्टर तसेच ठेवून त्यांच्या निर्णयाला काही सेकंदांचा विलंब देण्यात आला.

इंग्लंडमधील ९ ऑगस्ट २०१९ ची घटना याहून बोलकी आहे. त्या दिवशी तेथील जाळ्याची वारंवारता ५० वरून ४८.८ हर्ट्झपर्यंत घसरली. लंडन परिसरातील एका नव्या जातीच्या रेल्वेगाड्यांनी तारांमधला पुरवठा शाबूत असूनही ४९ हर्ट्झच्या खाली स्वतःला बंद करून घेतले. त्यांतल्या कित्येक गाड्या चालकाला पुन्हा सुरूच करता आल्या नाहीत, कारण सॉफ्टवेअरने कायमचे कुलूप लावले होते आणि ते काढायला लॅपटॉप घेतलेला तंत्रज्ञ गाडीपर्यंत पोहोचावा लागत होता. घराघरांतली वीज तासाभराच्या आत परत आली, पण रेल्वेचा खोळंबा रात्री उशिरापर्यंत चालला. मांजर आडवे गेले म्हणून सोसायटीचे फाटक लावून किल्ली घरी घेऊन जाणाऱ्या पहारेकऱ्यासारखी ही रचना. आपल्या पॅनेलमधले कित्येक सप्लायही नेमके असेच वागतात. एकदा बंद पडले की मेन स्विच बंद करून कपॅसिटर रिकामा होईपर्यंत थांबल्याशिवाय ते उठत नाहीत. जादा व्होल्टेजसारख्या खऱ्या बिघाडात असे कुलूप योग्यच आहे. कमी व्होल्टेज किंवा क्षणिक जादा भार यांसाठी मात्र सप्लायने थोडे थांबून स्वतः पुन्हा प्रयत्न करणे अपेक्षित आहे.

सप्लाय स्वतः पुन्हा सुरू होणे आणि मशीन स्वतः पुन्हा सुरू होणे या दोन गोष्टींची गल्लत मात्र होऊ नये. वीज परत आल्यावर प्रेस किंवा लेथ आपोआप हलू लागणे जीवघेणे ठरू शकते, आणि यंत्रांच्या विद्युत सुरक्षेचे आयईसी ६०२०४-१ हे मानक त्याला मज्जाव करते. म्हणून २४ व्होल्टचा नियंत्रण पुरवठा जिवंत राहावा, पीएलसीला घडलेले कळावे, आणि हालचाल पुन्हा सुरू करण्याचे बटण कामगाराच्याच हातात असावे. तसेच वैतागून संरक्षणाला जंपर मारणे (तार जोडून ते निकामी करणे), फ्यूज वाढवणे, थर्मल स्विच काढून टाकणे हे जे प्रकार आपल्याकडे सर्रास चालतात, त्यांचे समर्थन या पत्रातून कोणी शोधू नये. यूपीएस बसवल्याने काम भागते, पण सगळीकडे नाही. यूपीएसच्या आतही अशीच नियंत्रण सर्किटे आणि असेच कपॅसिटर असतात, आणि फक्त २४ व्होल्टच्या बाजूला कपॅसिटरचा बफर लावून जे साधते त्यासाठी अख्ख्या मशीनला बॅटरी देणे खर्चिक आहे.

विजेच्या बाजूने बोलायचे तर महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०२१ मधील कामगिरी मानकांच्या विनियमांत वीज गुणवत्तेचा समावेश झाला आहे आणि पुरवठ्याच्या गुणवत्तेसाठी आयएस १७०३६ हे भारतीय मानक २०१८ पासून आहे. महावितरणने उपकेंद्रनिहाय डिपच्या नोंदी, म्हणजे व्होल्टेज किती खाली आले आणि किती मिलिसेकंद टिकले एवढेच, संकेतस्थळावर दिले तर कारखानदाराला आपला सप्लाय कशाला तोंड देतो आहे ते समजेल. केंद्रीय वीज प्राधिकरणाच्या जोडणी मानकांनुसार उच्चदाब जाळ्याला जोडलेल्या पवन व सौर प्रकल्पांना व्होल्टेज १५ टक्क्यांवर आले तरी ३०० मिलिसेकंद जोडलेले राहावे लागते. सेमीकंडक्टर उद्योगाचे सेमी एफ ४७ हे मानक यंत्रांनी ५० टक्के व्होल्टेज ०.२ सेकंद, ७० टक्के ०.५ सेकंद आणि ८० टक्के १ सेकंद सोसावे असे सांगते. चाकणच्या मशीन शॉपसाठी खरेदी करताना मात्र सप्लाय किती अँपिअरचा आणि किती रुपयांचा याखेरीज तिसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

लघुउद्योजकांच्या संघटनांना, विशेषतः पिंपरी-चिंचवड परिसरातील संघटनांना, माझी विनंती आहे की त्यांनी सभासदांसाठी खरेदी आदेशात घालण्याजोगा एक सामाईक मजकूर तयार करावा. पूर्ण भाराला आणि १८० व्होल्टवर सप्लाय किती मिलिसेकंद तग धरतो, कोणत्या दोषात तो कुलूप लावतो व कोणत्या दोषात स्वतः उठतो, आणि शेवटचा शटडाउन कशामुळे झाला हे दिव्याने किंवा नोंदीने दाखवतो की नाही, एवढ्या बाबींची लेखी उत्तरे उत्पादकाकडून मागितली जावीत. शेवटची बाब क्षुल्लक वाटेल, पण ती असती तर माझ्याकडे येणारे कित्येक सप्लाय पॅनेलमधून निघालेच नसते. हा मजकूर तयार करण्यात आणि उत्तरांची पडताळणी टेबलावर करून पाहण्यात माझी मदत लागल्यास ती मी विनामूल्य देईन. इच्छुक संघटनांनी आपल्या वृत्तपत्राच्या कार्यालयामार्फत संपर्क साधावा.

आपला विश्वासू,
पॉवर सप्लाय दुरुस्ती व्यवसायातील एक वाचक,
भोसरी, पुणे